शस्त्रक्रिया आणि देहाची ऊब

घरांतील एखाद्या वडील माणसावर शस्त्रक्रिया व्हावयाची असली, म्हणजे मंडळी शल्यवैद्याच्या हस्तकौशल्याची, रक्ताची व औषधपाण्याची चौकशी मनापासून करितात. परंतु रोगी गार पडूं नये म्हणून काय व्यवस्था आहे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक तो प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

निरोगी मनुष्याच्या देहाच्या अंतर्भागाचें उष्णतामान सुमारें 37 अंश सेल्सिअस असतें. बाहेर गारठा पडला, कीं त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आंतली ऊब आंतच राखली जाते. भुलीच्या औषधानें हा पहारा ढिला पडतो. रक्तवाहिन्या सैल होतात, छातीपोटांतील ऊब हातापायांकडे वाहूं लागते, आणि पहिल्या तासाभरांतच अंतर्भागाचें उष्णतामान 1 ते 1.5 अंशानें उतरूं शकतें. उघडें अंग, गार खोली आणि शिरेंतून जाणारें थंड सलाईन यांची त्यांत भर पडते.

याचा परिणाम केवळ हुडहुडी भरण्यापुरता नसतो. रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, औषधांचा अंमल लांबतो, आणि जखमेकडे प्राणवायु कमी पोंचल्यामुळें जंतूंचें फावतें. कुर्झ, सेस्लर व लेनहार्ट यांनीं 1996 सालीं आंतड्यांवरील शस्त्रक्रियेच्या 200 रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची ऊब राखली होती, त्यांपैकीं 6 टक्के रोग्यांच्या जखमांत जंतुसंसर्ग झाला. ज्यांचें उष्णतामान सरासरी 34.7 अंशांपर्यंत उतरलें होतें, त्यांच्यांत हें प्रमाण 19 टक्के निघालें. पुढें 2022 सालीं प्रसिद्ध झालेल्या, 5,000 हून अधिक रोग्यांवरील चांचणींत मात्र 35.5 व 37 अंश यांच्या परिणामांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. तेव्हां अल्पशा उतारानें घाबरून जाऊं नये. परंतु रोग्यास फार गार पडूं देणेंही हितावह नव्हे.

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेनें 2008 सालीं यासंबंधीं नियम घालून दिले. तातडीचा प्रसंग वगळतां, रोग्याचें उष्णतामान 36 अंशांवर असल्याखेरीज भूल देऊं नये. 500 मिलिलिटर वा त्याहून अधिक द्रव शिरेंतून द्यावयाचा असल्यास तो 37 अंशांपर्यंत ऊन करावा. आणि लांबणाऱ्या शस्त्रक्रियेंत उबदार हवा खेळविणारें पांघरूण वापरावें, असें त्यांत सांगितलें आहे.

घरच्या मंडळींच्या हातींही कांहीं गोष्टी आहेत. बोलावणें येईपर्यंत रोग्याच्या अंगावर शाल व पायांत मोजे असावेत. थंडी वाजत असल्यास त्यानें भिडेखातर गप्प न बसतां परिचारिकेस सांगावें. शस्त्रक्रियेनंतर मात्र मायेपोटीं गरम पाण्याची पिशवी त्याच्या पायाशीं मुळींच ठेवूं नये. भुलीनें बधिर झालेल्या पायास चटका कळत नाहीं, आणि फोड आल्यावरच तो ध्यानांत येतो. अशा वेळीं कोरडें पांघरूण घालावें व परिचारिकेस बोलवावें, हीच खरी शुश्रूषा होय.