राष्ट्रीय फुटबॉल प्रशिक्षकपद : २०११ ते २०२५

भारताच्या पुरुष फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची निवड जाहीर झाली. गोव्याचे सावियो मेदेरा २०१२ मध्ये पायउतार झाल्यानंतर तेरा वर्षांनी हे पद पुन्हा भारतीय प्रशिक्षकाकडे आले.

२०११ मध्ये बॉब हॉटन गेल्यावर संघाची सूत्रे आधी गोव्याच्याच आर्मांदो कुलासो यांच्याकडे आली. डेम्पो क्लबला अनेकदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या कुलासोंना इथे जेमतेम काही महिने मिळाले. त्यांच्या जागी आलेल्या मेदेरांच्या संघाने डिसेंबरमध्ये दिल्लीत सॅफ स्पर्धा जिंकली. मार्च २०१२ मध्ये मात्र काठमांडूच्या एएफसी चॅलेंज चषकात तिन्ही सामने गमावले.

त्यानंतर महासंघाने सलग परदेशी प्रशिक्षक नेमले. विम कोव्हरमन्स यांनी २०१२ चा नेहरू चषक जिंकून दिला. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या कारकिर्दीत संघ २०१९ च्या आशियाई चषकाला पात्र ठरला. इगोर स्टिमॅक यांनी २०२३ मध्ये सॅफ विजेतेपद मिळवले, पण पुढील जानेवारीत आशियाई चषकात संघाला एकही गोल करता आला नाही. मानोलो मार्केझ वर्षभरातच बाहेर पडले.

जमील यांची जडणघडण मुंबईच्या क्लब फुटबॉलमधली. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळून ते मुंबई एफसीचेच प्रशिक्षक झाले. २०१७ मध्ये त्यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. मोठ्या क्लबांपुढे तुटपुंज्या साधनांनिशी मिळवलेले हे यश भारतीय क्लब फुटबॉलमधील अत्यंत मोलाच्या यशांपैकी आहे. नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर एफसी यांनाही त्यांनी इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत नेले.

राष्ट्रीय संघाची सुरुवात आशादायक झाली. काफा नेशन्स चषकात यजमान ताजिकिस्तानला २-१ ने हरवून आणि ओमानवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात करून भारताने तिसरे स्थान मिळवले. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ अशी हार पत्करावी लागली आणि २०२७ च्या आशियाई चषकाचा मार्ग बंद झाला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही १-० ने हरवले.

याच काळात व्यावसायिक हक्कांचा करार रखडल्याने इंडियन सुपर लीगचा हंगाम सुरू झाला नव्हता. क्लबचे नियमित सामने नसताना राष्ट्रीय संघ बांधणे कोणत्याही प्रशिक्षकाला अवघडच असते. भारतीय प्रशिक्षकावर टाकलेला विश्वास योग्यच होता. त्याला फळ यायचे तर लीग वेळेवर आणि अखंड चालणे तितकेच आवश्यक आहे.