कळा सुरू झाल्यावर किती वेळ?

काल सालेकसा तालुक्यात एका पहिलटकरणीच्या सासूबाई म्हणाल्या, "सिस्टर, रातभर कळा येऊन राहिल्या, अजून कसं नाही झालं?"

सुरुवातीच्या तुटक कळा कधी दिवसभरही चालतात. खरा हिशेब गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यावर सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार तिथून पूर्ण १० सेंटीमीटर व्हायला पहिल्या खेपेला सहसा १२ तासांपेक्षा जास्त लागत नाहीत, पुढच्या खेपेला १०.

मग जोर देऊन बाळ बाहेर यायला पहिलटकरणीला ३ तासांपर्यंत लागू शकतात. वार बहुधा अर्ध्या तासात पडते.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तर घरी थांबूच नका. गोंदियाचं बाई गंगाबाई रुग्णालय इथून जवळ नाही.

पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर लगेच १०२ ला फोन करा. काही शंका असेल तर खाली विचारा.