चढाईवर रोखलेला कॅमेरा

पेण, अलिबाग, रोहा, उरण. रायगडच्या या पट्ट्यात कबड्डी रक्तातच आहे. 26 जुलै 2014 रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हा खेळ टीव्हीवर झळकला. आता गावच्या मंडळाचा सामनाही मोबाइलवर लाइव्ह दिसतो. खेळाचं भलं झालंच. खेळाडूच्या डोक्यात काय होतं, ते मात्र फारसं कुणी विचारत नाही.

तिसरी चढाई घ्या. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यात, आता गुण नाही तर बाद. हाताशी 30 सेकंद. कॅमेरा चेहऱ्यावर, समालोचकाचा आवाज चढलेला. हजारदा घोटलेला हात-टच एरवी आपसूक निघतो, विचार करावा लागत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांनी 1984 मध्ये प्रयोगांतून दाखवलं की, दडपणाखाली माणूस स्वतःच्या हालचालींवर लक्ष ठेवू लागतो आणि अंगवळणी पडलेलं कौशल्य तिथेच अडखळतं. त्याआधी, 1965 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्क यांनी मात्र मांडलं होतं की, नुसते बघणारे असले की मुरलेली गोष्ट अधिक चांगली होते, कच्ची मात्र बिघडते. म्हणजे गर्दीचा फटका सर्वांत आधी बसतो तो नवख्या पोराला. पूर्वी त्याची चूक मैदानातच राहायची. आता ती क्लिप होऊन आठवडाभर गावात फिरते, आणि पुढच्या चढाईला तो तीच आठवत उतरतो.

प्रेक्षकही कोरडा राहत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांना 1976 मध्ये आढळलं की, विद्यापीठाचा अमेरिकी फुटबॉलचा संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढतात. जिंकलो तर ‘आपण’, हरले तर ‘ते’. शिव्या पडतात त्या याच ‘ते’ला. शरीरही यात ओढलं जातं: 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना 2.66 पट झाल्या. पूर्वी हृदयविकार असलेल्यांना धोका जास्त होता.

टेनिसपटू नाओमी ओसाकाने 2021 मध्ये मानसिक स्वास्थ्यासाठी फ्रेंच ओपनमधल्या पत्रकार परिषदा नाकारल्या आणि दंड झाल्यावर स्पर्धाच सोडली. तिचं म्हणणं जगाने ऐकलं. आपल्या खेड्यातल्या किशोर गटातल्या खेळाडूचं कोण ऐकणार?

म्हणून सामने भरवणाऱ्या मंडळांना एवढीच विनंती: लाइव्ह जरूर दाखवा, पण किशोर गटाच्या सामन्यांत कॉमेंट बंद ठेवा, आणि पोराच्या चुकीची क्लिप वेगळी काढून पसरवू नका.