क्रेडिट कार्ड बंद करणे, नवे घेणे आणि तुमचा क्रेडिट स्कोअर

पदवीच्या काळात किंवा पहिल्या नोकरीत तुमच्या हाती पहिले क्रेडिट कार्ड येते. उत्पन्न नसेल तर काही बँका मुदत ठेव तारण ठेवून कार्ड देतात. पुढे जास्त मर्यादेचे दुसरे कार्ड मिळते आणि पहिले नकोसे वाटू लागते. मग प्रश्न पडतो : जुने बंद करावे का? स्कोअर पडेल का? नवे घेतले तर काय होईल? उच्च शिक्षणाचे, वाहनाचे किंवा घराचे कर्ज मागण्याची वेळ येते तेव्हा या प्रश्नांना किंमत येते. म्हणून या पाठात आपण स्कोअर कशावर ठरतो, कार्ड उघडल्याने व बंद केल्याने त्यातले नेमके काय बदलते आणि कार्ड बंद करण्याची योग्य रीत कोणती, हे पाहणार आहोत.

१. स्कोअर कोण काढते?

भारतात पत माहिती कंपन्यांचे काम ‘पत माहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५’ या कायद्याखाली चालते आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या अशा चार कंपन्या आहेत. बँका व वित्तसंस्था आपल्या प्रत्येक कर्जदाराची आणि कार्डधारकाची माहिती त्यांना कळवतात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती पंधरवड्यातून किमान एकदा कळवणे बंधनकारक झाले.

या माहितीवरून कंपनी तुमचा पत अहवाल तयार करते आणि त्यावरून एक आकडा काढते. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० यांदरम्यान असतो. आकडा जितका मोठा, तितका कर्ज देणाऱ्याचा विश्वास अधिक. स्कोअरचे नेमके सूत्र कंपन्या जाहीर करत नाहीत. त्यामुळे ‘कार्ड बंद केले की अमुक गुण कमी होतात’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. परिणामाची दिशा मात्र समजून घेता येते.

२. स्कोअरचे चार आधार

(अ) परतफेडीचा इतिहास : बिल वेळेवर भरले का? याचे वजन सर्वांत मोठे. सिबिलच्या अहवालात प्रत्येक खात्यापुढे किती दिवस उशीर झाला ते महिनावार दिलेले असते. ‘०००’ म्हणजे उशीर नाही.

(आ) मर्यादेचा वापर : मंजूर मर्यादेपैकी किती टक्के रक्कम तुमच्या नावावर बाकी दिसते?

(इ) पतव्यवहाराचे वय आणि प्रकार : खाती किती जुनी आहेत आणि कोणत्या प्रकारची आहेत?

(ई) नव्या अर्जांच्या चौकशा : अलीकडे किती ठिकाणी कर्ज किंवा कार्ड मागितले?

कार्ड उघडणे किंवा बंद करणे याचा थेट संबंध (आ), (इ) आणि (ई) यांच्याशी येतो. (अ) वर परिणाम होतो तो निष्काळजीपणामुळे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

३. मर्यादेचा वापर : एक उदाहरण

समजा, तुमच्याकडे दोन कार्डे आहेत. ‘क’ हे मुदत ठेवीवरचे जुने कार्ड, मर्यादा ₹२०,०००. ‘ख’ हे नवे कार्ड, मर्यादा ₹६०,०००. तुमचा महिन्याचा खर्च ₹२०,००० असून तो सगळा ‘ख’वर होतो.

• दोन्ही कार्डे चालू : २०,००० ÷ ८०,००० = २५ टक्के.
• ‘क’ बंद केले : २०,००० ÷ ६०,००० = सुमारे ३३ टक्के.
• ₹४०,००० मर्यादेचे तिसरे कार्ड घेतले : २०,००० ÷ १,२०,००० = सुमारे १७ टक्के.

खर्च तेवढाच आहे, पण भागाकारातला छेद बदलल्यामुळे टक्केवारी बदलली. वापर साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवावा, असे सांगितले जाते. हा व्यवहारातला अंदाज आहे, कायद्याची रेषा नव्हे.

येथे एक बारकावा लक्षात घ्या. बँक साधारणपणे बिलावर दिसणारी बाकी कळवते. म्हणून दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याचाही वापर जास्त दिसू शकतो. कर्जाचा अर्ज करायचा असेल, तर बिल तयार होण्याआधीच काही रक्कम भरून ठेवा. मर्यादेच्या वापराचा परिणाम बहुधा तात्पुरता असतो. पुढच्या वेळी कमी बाकी कळवली गेली की टक्केवारी खाली येते.

४. खात्याचे वय

समजा, ‘क’ ६० महिन्यांचे आणि ‘ख’ १२ महिन्यांचे आहे. सरासरी वय ३६ महिने. आज तिसरे कार्ड घेतले तर सरासरी (६० + १२ + ०) ÷ ३ = २४ महिने होते. नव्या कार्डाने मर्यादा वाढते, पण वय कमी होते. एकाच कृतीचे दोन परिणाम विरुद्ध दिशांना जातात.

जुने कार्ड बंद केले की त्याचा इतिहास त्याच क्षणी पुसला जातो, असा समज आहे. तो चुकीचा आहे. पत माहिती कंपन्यांना माहिती किमान सात वर्षे जपावी लागते आणि बंद खाते अहवालात ‘बंद’ म्हणून दिसत राहते. मात्र त्या खात्याचे वय पुढे वाढत नाही आणि वेळेवर भरलेल्या बिलांच्या नव्या नोंदीही त्यात जमा होत नाहीत. म्हणून जुन्या कार्डाला वार्षिक शुल्क नसेल, तर ते ठेवणे सहसा फायद्याचे असते.

५. अर्ज आणि चौकशी

तुम्ही कार्डासाठी अर्ज करता तेव्हा बँक तुमचा अहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद होते. एखाद्या चौकशीने फारसे बिघडत नाही. पण महिन्याभरात पाच ठिकाणी अर्ज केले, तर या व्यक्तीला पैशांची निकड आहे, असा अर्थ निघतो. एक अर्ज नाकारला गेला म्हणून लगेच दुसरीकडे अर्ज करू नका. आधी कारण शोधा.

स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. प्रत्येक पत माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

६. कार्ड कापले म्हणजे बंद झाले का?

नाही. सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. कात्रीने कार्डाचे दोन तुकडे केले तरी बँकेच्या दप्तरी खाते चालूच राहते. समजा, त्यावर ₹५०० वार्षिक शुल्क लागले. १८ टक्के जीएसटी धरून ₹५९० चे बिल आले. तुमचा मोबाइल क्रमांक बदललेला असल्याने ते कळले नाही. त्यावर विलंब शुल्क आणि व्याज चढत गेले. अहवालात मात्र दर महिन्याला उशिराचे दिवस वाढत राहिले. चार-पाच वर्षांनी कर्ज मागायला गेल्यावर ही नोंद समोर येते. वापराची टक्केवारी पुढच्या बिलाबरोबर सुधारते. थकबाकीचा डाग मात्र वर्षानुवर्षे राहतो.

म्हणून कार्ड नको असेल तर रीतसर बंद करा :

१) पूर्ण बाकी भरा. कार्डावर हप्ते चालू असतील तर तेही फेडा.
२) मोबाइल रिचार्ज, विमा किंवा इतर वर्गणी कार्डातून आपोआप जात असेल तर ती दुसरीकडे वळवा. साठलेले गुण वापरून टाका.
३) बँकेच्या अ‍ॅपवर, संकेतस्थळावर, ईमेलने किंवा मदत क्रमांकावर बंद करण्याची विनंती करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.
४) रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे. उशीर झाल्यास दर दिवसाला ₹५०० दंड तुम्हाला मिळायला हवा.
५) बंद झाल्याचा संदेश जपून ठेवा आणि महिना-दोन महिन्यांनी अहवालात ‘बंद’ अशी नोंद आली का ते तपासा. ‘तडजोड’ अशी नोंद असेल, तर पूर्ण रक्कम न भरता खाते मिटवले असा अर्थ होतो. पुढच्या कर्जाला ती अडसर ठरू शकते.

याच निर्देशांनुसार, वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बँक तुम्हाला कळवून बंद करू शकते. जुने कार्ड टिकवायचे असेल तर अधूनमधून त्यावर छोटी खरेदी करा आणि बिल पूर्ण भरा.

अहवालात चूक आढळली तर पत माहिती कंपनीकडे आणि बँकेकडे तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर दर दिवसाला ₹१०० भरपाईची तरतूद आहे.

७. मग निर्णय कसा घ्यावा?

येत्या सहा महिन्यांत कर्ज घ्यायचे असेल तर नवे कार्ड घेऊ नका आणि जुनेही बंद करू नका. कर्जाचा विचार नसेल आणि कार्डाचे शुल्क परवडत नसेल, किंवा कार्ड हातात असल्यामुळे खर्च आवरत नसेल, तर ते खुशाल बंद करा. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास उरलेल्या बाकीवरचे व्याज वर्षाला ३६ टक्के किंवा त्याहूनही अधिक पडू शकते. त्यापुढे स्कोअरमधली थोडी घट सोसण्यासारखी असते.

स्वाध्याय

१) वरील उदाहरणात ‘क’ऐवजी ‘ख’ बंद करून सगळा खर्च ‘क’वर केला, तर वापर किती टक्के होईल?
२) नवे कार्ड घेतल्याने स्कोअरच्या कोणत्या आधाराला मदत होते आणि कोणत्या आधारांना धक्का बसतो?
३) घरातील वडीलधाऱ्यांकडे न वापरलेले कार्ड आहे का ते विचारा. ते रीतसर बंद झाले आहे की नुसते कपाटात पडून आहे, हे त्यांच्यासोबत बसून तपासा.