रक्तातील यूरिक आम्ल

तंजावर जिल्ह्यात कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांत जून ते सप्टेंबर हा कुरुवै भाताचा हंगाम असतो. भर उन्हात राबणाऱ्या शेतमजुराच्या शरीरातील पुष्कळ पाणी घामावाटे जाते. लघवी कमी व दाट होते. अशाच एखाद्याचा पायाचा अंगठा एका रात्री अचानक सुजतो, लाल होतो आणि त्यावर पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. या विकारास ‘गाऊट’ म्हणतात. आयुर्वेदातील ‘वातरक्त’ याच्याशी पुष्कळसे जुळते.

पेशींत व अन्नात प्युरिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या विघटनातून यूरिक आम्ल तयार होते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते आणखी मोडणारे विकर असते. माणसात ते कार्य करीत नाही. त्यामुळे हे आम्ल बाहेर टाकण्याचा सुमारे दोनतृतीयांश भार मूत्रपिंडांवर आणि उरलेला आतड्यांवर पडतो. गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात ते वाढलेले असते, हे इंग्लंडमधील डॉ. गॅरड यांनी १८४८ मध्ये दाखवून दिले.

१०० मिलिलीटर रक्तद्रवात पुरुषांत सुमारे ७, तर स्त्रियांत ६ मिलिग्रॅमपर्यंत यूरिक आम्ल असणे सामान्य मानतात. ६.८ च्या पुढे ते पूर्णपणे विरघळलेले राहू शकत नाही. त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू लागतात. पायाची बोटे शरीराच्या गाभ्याहून थंड असतात, हे अंगठ्याला झळ लागण्याचे एक कारण होय. मात्र आकडा वाढला म्हणजे रोग जडलाच, असे नव्हे. कित्येकांना जन्मभर त्रास होत नाही व बहुधा औषधही लागत नाही. उलट, ऐन झटक्यात हे प्रमाण सामान्य आढळू शकते. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते.

अहवाल हाती येताच पुष्कळ घरांत पहिली कुऱ्हाड डाळीवर कोसळते. सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडले, अशी आख्यायिका सांगणाऱ्या तंजावरच्या मराठी घरांत तर ही मोठीच शिक्षा! वास्तविक डाळी व भाज्या यांमुळे गाऊटचा धोका वाढल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. आहारात सांभाळायचे ते काळजासारखे मांस, तमिळमध्ये नेत्तिली म्हणतात तशी बारीक सागरी मासळी, मद्य आणि गोड शीतपेये. आनुवंशिकता व मूत्रपिंडांची क्षमता यांचा वाटा आहाराहूनही मोठा असतो. म्हणून वारंवार झटके येणाऱ्यास डॉक्टर ॲलोप्युरिनॉलसारखे औषध देऊन प्रमाण ६ च्या खाली आणतात. दुखणे थांबले म्हणून रोग्याने ते परस्पर सोडले, तर काही महिन्यांत स्फटिक पुन्हा साचू लागतात.