फायटर माशाचा घास

मुंबई-पुण्यातील दुकानांत ‘फायटर’ या नावाने विकला जाणारा बेट्टा मासा मूळचा थायलंडमधील भातखाचरे, दलदली आणि संथ ओहोळ यांचा रहिवासी असून, तेथे डासांच्या अळ्या, पाण्यावर पडलेले किडे आणि सूक्ष्म कवचधारी जीव यांवर तो जगतो. भक्ष्य पुन्हा केव्हा मिळेल याची शाश्वती नसल्यामुळे समोर येईल ते खाण्याची त्याची वृत्ती बनलेली आहे आणि टाकीत हीच वृत्ती पाळणाऱ्याची दिशाभूल करते; काचेजवळ आलेल्या बोटाकडे तो झेपावतो, त्यावरून तो भुकेला असल्याचे अनुमान काढले जाते आणि आणखी चिमूटभर खाद्य पाण्यात पडते.

पूर्ण वाढ झालेल्या बेट्टाला दिवसातून दोनदा, दर वेळी दोन ते चार बारीक दाणे सर्वसाधारणपणे पुरतात. दाण्यांचा आकार उत्पादकागणिक बदलत असल्याने हा आकडा अंदाजाचाच मानावा लागतो. माशाचे जठर त्याच्या डोळ्याएवढे असते, हा शौकिनांचा ठोकताळा ढोबळ असला तरी हात आवरायला उपयोगी पडतो. दाणा पडताच मासा तो तोंडात घेतो, पुष्कळदा लगेच बाहेर टाकतो, पुन्हा उचलतो आणि असे दोन-तीनदा झाल्यावर गिळतो. बहुधा दाणा कठीण किंवा तोंडाच्या मानाने मोठा असल्याचे ते लक्षण असते, नावडीचे नव्हे. म्हणून एक दाणा गिळला गेल्यावरच दुसरा टाकावा. खाल्ल्यानंतर पोटाला किंचित गोलाई येणे स्वाभाविक आहे, परंतु पुढच्या वेळेपर्यंत ती उतरली नसेल तर ती वेळ चुकवणे इष्ट. आठवड्यातून एक दिवस उपास घडवण्याचा प्रघातही याच कारणाने पडला आहे. मात्र वरून पाहताना खवले पिंजारल्यासारखे उभे दिसले, तर ते शरीरात पाणी साठल्याचे, म्हणजे जलोदराचे, चिन्ह असून उपासाने ते जात नाही.

अतिखाद्याचा खरा फटका पोटापेक्षा पाण्याला अधिक बसतो. तळाशी राहिलेला दाणा कुजून अमोनिया हा विषारी वायू पाण्यात मिसळतो, आणि पचलेल्या प्रथिनांतूनही तोच तयार होऊन कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. जिवाणूंच्या साहाय्याने त्याचे रूपांतर करणारा फिल्टर लहान बाऊलमध्ये बहुधा नसतोच. त्यामुळे उरलेले खाद्य काही मिनिटांत काढून टाकणे हा आहाराचाच भाग ठरतो. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असताना पचन नीट चालते. पुण्याच्या हिवाळ्यात हीटर नसलेल्या टाकीतील मासा मंदावतो, तेव्हा उन्हाळ्यातील माप तसेच चालू ठेवणे चुकीचे आहे.

दाण्यांच्या जोडीला गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे चिलटासारख्या कीटकांच्या लाल अळ्या, अधूनमधून द्याव्यात. गटारांतून गोळा होणारे जिवंत ट्युबिफेक्स कृमी मात्र रोगजंतू आणण्याचा संभव असल्याने टाळलेले बरे. डासांच्या अळ्या उत्तम खाद्य असल्या तरी त्या घरी पैदा करणे म्हणजे शेजाऱ्यांना डेंग्यूचे निमंत्रण होय.

गावी जाताना निरोगी, प्रौढ मासा तीन-चार दिवस अन्नाविना सहज राहतो. त्याहून जास्त दिवसांसाठी शेजाऱ्यांकडे खाद्याची अख्खी डबी सोपवण्यापेक्षा प्रत्येक वेळेचे मोजके दाणे वेगवेगळ्या पुड्यांत बांधून द्यावेत आणि डबी कुलपात ठेवावी.