चेसिस बेलफास्टची, इंजिन ट्रायम्फचं

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचं एस कॅफे, चामड्याची जाकिटं, ज्यूकबॉक्स आणि ताशी 100 मैलांचं वेड. कॅफे रेसर मोटरसायकलींची ही गोष्ट शौकिनांना तोंडपाठ असते. 1938 साली उघडलेलं ते उपाहारगृह 1969 मध्ये बंद पडलं आणि 2001 मध्ये पुन्हा सुरू झालं, एवढं सांगून पुढे जायला हरकत नाही. कारण या पंथाचं खरं दैवत म्हणजे ट्रायटन ही गाडी, आणि तिचा सांगाडा घडला तो उत्तर आयर्लंडमधल्या दोन मित्रांच्या उद्योगातून.

रेक्स मॅककँडलेस आणि आर्टी बेल हे ते दोघे. रेक्सचं रीतसर शिक्षण बेताचंच. जे आलं ते हातानं करून आलं. बेल निष्णात शर्यतपटू. युद्धकाळात बेलफास्टमध्ये दोघांनी सरकारी वाहनं दुरुस्त करण्याचं काम घेतलं. तेव्हाच्या बहुतेक मोटरसायकलींचं मागचं चाक चेसिसला थेट जखडलेलं असे. खड्डा आला की चाक उडायचं आणि टायरची पकड सुटायची. चाक जमिनीला धरून राहिलं तर त्याच इंजिनवर गाडी वळणात जास्त वेगानं नेता येईल, हे रेक्सनं हेरलं. 1944 मध्ये त्यानं स्वतःसाठी एक गाडी बांधली. मागे स्विंगआर्म, दोन्ही बाजूंना उभे शॉक ॲब्सॉर्बर. आज गल्लीतल्या कुठल्याही जुन्या गाडीत ही रचना दिसते, म्हणून तिचं अप्रूप वाटत नाही.

नॉर्टन या कंपनीच्या शर्यतीच्या गाड्यांची रड वेगळीच होती. इंजिन जोरकस, पण चेसिस तुटायच्या. बेल नॉर्टनचाच स्वार. 1948 ची आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत त्यानं जिंकलेली. रेक्स आणि त्याचा भाऊ क्रोमी यांनी नवी चेसिस आखली. नळीचे दोन अखंड वेढे इंजिनभोवती फिरून हँडलच्या मानेपाशी एकमेकांना छेदून जातात, एवढीच तिची कल्पना. ती घडवायची सोय नॉर्टनकडे नव्हती. ते काम रेनॉल्ड्स या नळ्यांच्या कंपनीनं केलं. पगारी इंजिनिअरांची फौज असलेल्या कारखान्याला बाहेरच्या माणसाकडून चेसिस घ्यावी लागली, हा या इतिहासातला सर्वांत गोड भाग आहे.

हॅरोल्ड डॅनिएल या स्वारानं ती चालवली आणि पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं म्हणाला. ‘फेदरबेड’ हे नाव तिथून चिकटलं. 1950 च्या आयल ऑफ मॅन शर्यतीत ज्युनियर टीटी बेलनं जिंकली. सीनियरमध्ये जेफ ड्यूक पहिला, बेल दुसरा, जॉनी लॉकेट तिसरा, तिघेही नॉर्टनवर. त्याच उन्हाळ्यात बेल्जियममधल्या स्पा इथे बेलला भीषण अपघात झाला आणि त्याची शर्यत कायमची सुटली. मित्राच्या चेसिसवर त्याला एक मोसमही पुरता मिळाला नाही. रेक्सचं मन पुढे फोर-व्हील ड्राइव्ह आणि जायरोकॉप्टरमध्ये रमलं.

मग ही चेसिस कॅफेत पोचली कशी? छोट्या 500 सीसी रेसिंग कारवाल्यांमुळे. त्यांना हवं होतं मँक्स नॉर्टन या शर्यतीच्या मोटरसायकलचं इंजिन, पण कंपनी सुटं इंजिन देईना. म्हणून ते अख्खी मोटरसायकल घेत, इंजिन काढत आणि उरलेला सांगाडा विकून टाकत. तिकडे ट्रायम्फचं जुळं इंजिन सहज मिळे, सहज फुलवता येई. ट्रायम्फची चेसिस मात्र वळणात डगमगायची. दोन्ही गाड्यांचं चांगलं तेवढं घेतलं की ट्रायटन.

हे काम एकट्याचं नव्हेच. 650 सीसी ट्रायम्फचं इंजिन आणि गिअरबॉक्स 1963 पर्यंत वेगवेगळे असत. दोन्ही ॲल्युमिनियमच्या जाड प्लेटांमध्ये बसवायचे, चेनची रेघ मागच्या चाकापर्यंत सरळ ठेवायची. एकानं इंजिन तोलून धरायचं, दुसऱ्यानं भोकांच्या खुणा करायच्या. क्लिप-ऑन हँडल खाली आलं की अंग पुढे झुकतं, म्हणून पायदानही मागे न्यावं लागतं. सीटमागचा उंचवटा वेग घेताना स्वाराला मागे सरकू देत नाही. हा साज नुसता मिरवण्यापुरता नव्हता. डेव्ह डेगन्सनं 1965 मध्ये रेक्स बुचरच्या जोडीनं बार्सिलोनाची 24 तासांची शर्यत ट्रायटनवरच मारली.

1961 मध्ये ब्रिटनने शिकाऊ स्वारांना 250 सीसीची मर्यादा घातली, तेव्हा पोरांचा हा नाद कंपन्यांनी त्या मर्यादेत बसणाऱ्या गाड्यांत उचलला. रॉयल एनफिल्डची 1964 ची छोटी कॉन्टिनेंटल जीटी त्यातलीच. चेन्नईच्या रॉयल एनफिल्डनं 2013 मध्ये कॉन्टिनेंटल जीटी हे नाव पुन्हा काढलं आणि चेसिससाठी ब्रिटनच्या हॅरिस परफॉर्मन्सला गाठलं. अक्कल शाबूत होती म्हणायची.

आपल्याकडच्या गॅरेजांत बहुधा उलटा प्रकार चालतो. ग्राइंडर आधी चेसिसच्या शेपटीवर फिरतो, सीट छान दिसावी म्हणून. सस्पेन्शनकडे कुणी बघतही नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. रंग आणि किरकोळ जोडण्यांची तेवढी मुभा. म्हणजे ट्रायटनसारखी गाडी इथल्या रस्त्यावर आणणं जवळपास अशक्य. तेव्हा मित्राबरोबर जुनी गाडी खोलायला घेणार असाल तर आधी आरसी बुक काढा, आरटीओत विचारा आणि पहिला खर्च शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक आणि टायरवर करा. टाकीचा रंग मागाहून ठरवता येतो.